भिंतीकडची शेवटची गोणी

आमच्या धंद्यात दोन माणसं लागतात. एक वर, एक खाली. वर मी असतो आणि खाली माझी थोरली बहीण, ताई. लोक मला शिडीवाला म्हणतात. फोन माझ्या नंबरवर करतात, चहा आधी मला विचारतात आणि काम झालं की मान वर करून छपराच्या कडेकडे बघत म्हणतात, "वा, चकाचक केलंत हो!" खाली कोणी बघत नाही. खाली बघण्यासारखं काही उरलेलंच नसतं, कारण ताईने ते उरू दिलेलं नसतं. आता तुम्हीच सांगा, काम कोणाचं?

आम्ही घरांच्या पन्हळी साफ करतो. उतरत्या छपराच्या कडेला ती अर्ध्या कापलेल्या नळीसारखी पट्टी असते ना, ती पन्हळ. छपरावरचं पाणी तिच्यात पडतं आणि कोपऱ्यातल्या उभ्या पाइपातून खाली जातं. जायला हवं, असं म्हणू. पानगळ झाली की तिच्यात पाला साचतो, त्याच्याखाली गेल्या वर्षीचा पाला, त्याच्याखाली त्याच्याही आधीचा, आणि तळाला काळा, चिकट गाळ. त्यात कौलांचे कपचे, खिळे, पक्ष्यांच्या काड्या, एखादा चेंडू. आपल्या घराला पन्हळ आहे हे लोकांना भिंतीला ओल आल्यावर आठवतं. मग फोन येतो, "उद्या सकाळीच या." जसा काही मी दारात शिडी धरून त्यांचीच वाट बघत उभा असतो!

मी वर चढतो, खुरप्याने गाळ काढतो, शिडीला अडकवलेल्या बादलीत भरतो आणि दोरीने खाली सोडतो. आमच्यातले बाकीचे वरूनच भसाभसा खाली टाकतात, ढीग कोपऱ्यात लोटतात आणि शिडी खांद्यावर टाकून चालू लागतात. दोन दिवसांत पाला वाऱ्याने अंगणभर होतो, गाळ पाइपच्या तोंडाशी जाऊन बसतो, आणि घरवाल्याला वाटतं पन्हळीतच काहीतरी खोट आहे. अरे बाबांनो, गाळ काढला म्हणजे गेला नाही. तो नुसता वरून खाली आला. हे वाक्य ताईचं. एकोणीस वर्षं रोज ऐकतोय, म्हणून आता माझ्याच तोंडून निघतं.

ताईचं काम बघायचं असेल तर माझ्या आधी तासभर या. ती आधी भिंतीलगतच्या कुंड्या हलवते, न हलणाऱ्या झाडांवर जुन्या चादरी टाकते. मग निळी ताडपत्री भिंतीला चिकटवून अंथरते, तिच्या कडांवर विटा ठेवते. पाइपच्या खालच्या तोंडाशी जाळी लावते, म्हणजे धुतलेलं पाणी गटारात जाताना गाळ घेऊन जाऊ नये. भिंतीवर शिंतोडा उडाला की मी उतरायची वाट न बघता ओल्या ब्रशने पुसते, कारण वाळला की डाग धरतो. आणि मग माझ्यावर ओरडते. "बाळ्या, बादलीत टाकतोयस की माझ्या डोक्यावर?" मी एक्कावन्न वर्षांचा आहे. गिऱ्हाइकासमोर बाळ्या म्हणू नकोस हे तिला शंभरदा सांगून झालं. पालथ्या घड्यावर पाणी.

बादली खाली आली की ती ताडपत्रीवर ओतते आणि निवडायला बसते. हो, निवडायला. पाला एकीकडे, काड्या एकीकडे, खिळे-काचा एका डब्यात, तळाचा काळा गाळ बोटांनी मोकळा करत वेगळा. सापडलेली चीजवस्तू, म्हणजे चेंडू, चमचे, कपड्यांचे चिमटे, एकदा तर कवळीसुद्धा, ती धुऊन एका कागदावर मांडून उंबऱ्यापाशी ठेवते. त्या कवळीचा मालक तिला बघून इतका लाजला की चहा विचारायचाही विसरला. कवळी छपरावर गेली कशी, हे आम्ही विचारलं नाही. धंद्याची काही रीत असते.

पाला ज्याच्या त्याच्या बागेतल्या खड्ड्यात. काचा-खिळे पालिकेच्या कचरा केंद्रावर. आणि काळा गाळ गोण्यांत भरून आमच्या अंगणात. ओला गाळ फार जड, म्हणून गोणी अर्धीच भरायची, तोंड उघडं ठेवून भिंतीलगत रांगेत उभी करायची. तीन-चार आठवड्यांत त्याची भुसभुशीत माती होते. ती माती ताई ज्याची त्याला परत नेऊन देते. तुमच्या छपरावरची माती तुमच्या बागेत. असं कोणी करत नाही, कोणी मागतही नाही. मी सुरुवातीला म्हणायचो, "ताई, हे नसते उद्योग कशाला?" ती म्हणायची, "त्यांची आहे, आपण ठेवून काय करायचं?"

आता या गोण्या दिसायला सगळ्या सारख्या. कुठली कोणाची हे ताई कशावरही लिहीत नाही. रांग तिच्या डोक्यात असते. दारापासून पहिली बेकरीवाल्याची, दुसरी डाव्या गल्लीतल्या परिचारिकेची, असं सगळं. "खडूने नुसतं एक अक्षर तरी काढ," असं मी किती वेळा म्हटलं असेल. "का? मला विसर पडलाय का?" एवढंच उत्तर. आणि तिची रांग एकोणीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती, हे मला कबूल करावं लागतं.

रांगेतली एक जागा मात्र वेगळी. भिंतीच्या कोपऱ्याकडची, अगदी शेवटची. छपरावर शेवाळं मारायचं औषध टाकलेलं असेल तर त्या घरचा गाळ बागेत घालता येत नाही, कोवळी रोपं जळतात. अशी गोणी कोपऱ्यात ठेवायची आणि शनिवारी केंद्रावर विषारी कचऱ्याच्या पेटीत टाकून यायचं. कोपऱ्यातली शेवटची ती वाईट. हा नियम मलाही ठाऊक होता. लक्षात ठेवा, मलाही ठाऊक होता.

त्या वेळी कोपऱ्यात दंतवैद्यांच्या घरची गोणी होती. त्यांनी औषध टाकल्याचं सांगितलं ते सगळं निवडून, गोणीत भरून झाल्यावर. केंद्रावरची ती पेटी दोन शनिवार दुरुस्तीसाठी बंद होती, त्यामुळे ती गोणी आमच्याकडेच वाळत राहिली. तिच्या अलीकडे मास्तरीणबाईंची गोणी. मास्तरीणबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. दर वर्षी त्या खिडकीत टोमॅटोची रोपं बियांपासून वाढवतात आणि ताईच्या मातीची वाट बघत बसतात.

एका सकाळी मला तिमजली घराचं काम होतं आणि लांब शिडी हवी होती. शिडी कुठे? गोण्यांच्या मागे, भिंतीला आडवी. ताई चष्म्याच्या दुकानात गेली होती. मला उशीर झालेला, आणि उशीर झाला की माझं डोकं ठिकाणावर नसतं, घरच्यांना विचारा. एकेका गोणीला एकेक शिवी देत सहा गोण्या बाजूला ओढल्या, शिडी काढली आणि गोण्या परत भिंतीला लावल्या. जागच्या जागी लावल्या असं मला वाटलं, असं सांगणार होतो. पण खोटं कशाला बोलू? वाटलं वगैरे काही नाही. लावल्या आणि निघालो.

पुढच्या शनिवारी ताईने कोपऱ्यातली शेवटची गोणी केंद्रावर नेऊन पेटीत टाकली आणि तिच्या अलीकडची मास्तरीणबाईंच्या घरी पोचती केली.

दहा-बारा दिवसांनी मास्तरीणबाई स्वतः आमच्या फाटकाशी आल्या. आवाज चढलेला नाही, तक्रार नाही. शाळेत चाळीस वर्षं काढलेलं माणूस, चूक दाखवायची तरी विचारल्यासारखी दाखवणार. म्हणाल्या, "ताई, या वेळच्या मातीत काही होतं का हो? जरा येऊन बघता?"

आम्ही दोघं गेलो. वाफ्यात चाळीस रोपं, आणि चाळीसच्या चाळीस आडवी. पानांच्या कडा करपलेल्या, देठ काळे. ताई खाली बसली. तिने रोपांकडे बघितलंच नाही, वाफ्याच्या कडेची फरशी बघितली. पाणी घातल्यावर माती जिथे ओघळली होती तिथे फरशीवर गंजासारखा तांबडा डाग होता. शेवाळ्याच्या औषधाचा डाग असाच पडतो. ताईने त्या डागावरून बोट फिरवलं, आणि मला एकदम ती लांब शिडी आठवली.

"चूक माझी," ताई म्हणाली. "दुसरी गोणी आणली मी. कोपऱ्यातली."

"अहो, होतं कधीकधी," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"नाही हो. माझं होत नाही."

तिथेच बोलायला हवं होतं. एक वाक्य. 'ताई, गोण्या मी हलवल्या होत्या.' सहा-सात शब्द सुद्धा नाहीत. पण मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगू, इथे गिऱ्हाइकासमोर तमाशा नको. ही गिऱ्हाइकाची काळजी नव्हती. ताईच्या तोंडाची भीती होती. वर शिडीवर मी वाघ, खाली तिच्यासमोर शेळी. मी फावडं आणायला गेलो.

दोन दिवस लागले त्या वाफ्याला. टीचभर खोल सगळी माती उकरून काढली, पोत्यांत भरली, फरशी घासली, बेकरीवाल्याच्या गोणीतली चांगली माती त्याला विचारून तिथे आणून घातली. ताई एका शब्दाने बोलली नाही. मला वाटलं रागावली आहे. मनात म्हटलं, राग उतरू दे, मग सांगतो. माझ्या सोयीचं मला बरोबर सुचतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर प्रत्येक गोणीवर खडूने ठळक अक्षरात घराचं नाव. मी मूर्ख, हसलो. "शेवटी माझं ऐकलंस म्हणायचं!" ती म्हणाली, "हो. आता लिहिलेलं बरं." हसली नाही, चिडली नाही. मला चिडलेली ताई माहीत आहे, तिच्याशी कसं वागायचं ते मला जमतं. या ताईचं काय करायचं ते कळेना.

मग हळूहळू लक्षात यायला लागलं. कामावर निघताना ती गाडीतली हत्यारं मोठ्याने मोजायची. खुरपी दोन, ब्रश तीन, ताडपत्री एक. परत मोजायची. घरी पोचल्यावर पुन्हा. ती राहते आमच्या अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत. तिथे गॅसजवळ तिने कागद चिकटवला, 'बंद केला का?' दाराच्या आतून दुसरा, 'किल्ली.' माझी बायको एकदा सहज तिच्याकडे गेली आणि येऊन मला म्हणाली, "ताईंनी मला आज दोनदा विचारलं, 'मी काल तुला काय सांगितलं होतं गं?' मी सांगितलं तर म्हणतात, बरोबर, बरोबर आहे. परीक्षा घेतल्यासारखं. त्यांना झालंय काय?"

मला कळलं काय झालंय ते. तुम्हाला कळावं म्हणून आईचं सांगायला हवं.

आमची आई साठीला आली आणि विसरायला लागली. सुरुवात अगदी साधी. मिठाचा डबा कपड्यांच्या कपाटात, चपला फ्रीजवर. आम्ही हसायचो. मग ती बाजारातून घरी यायची वाट विसरली. शेवटची चार वर्षं तिला ताईने सांभाळलं. एकटीने. आम्ही पाच भावंडं, ताई थोरली, मी शेंडेफळ, पण बाकीचे आपापल्या संसारात आणि मी दुसऱ्या शहरात कारखान्यात. सुट्टीला यायचो, दोन दिवस राहायचो, आई मला ओळखायची नाही, मला ते सोसायचं नाही, मी परत जायचो. ताईला जायला जागा नव्हती. शेवटच्या वर्षी आई तिला 'बाई' म्हणायची. एकदा जेवू घालत असताना आईने तिला विचारलं, "बाई, तुम्ही दिवसभर इथेच असता. तुम्हाला घरी कोणी नाही का?" हे ताईने मला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं, ताडपत्री घडी करता करता, जसं काही गिऱ्हाइकाचा पत्ता सांगावा.

गेल्या वर्षी ताईला साठ वर्षं पूर्ण झाली.

म्हणजे बघा. मी सहा गोण्या हलवल्या, आणि माझी बहीण समजून बसली की आईचं दुखणं तिला लागलं. आणि मी, तिचा पाठीराखा भाऊ, माहीत असून गप्प!

का गप्प, असं बायकोनेही विचारलं. तिला मी सगळं सांगून टाकलं होतं, कारण खाई त्याला खवखवे, आणि माझं तिच्यापासून काही लपत नाही. मी म्हणालो, "पहिल्या दिवशी भीतीने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, काल का नाही सांगितलंस? आता आठवडा झाला. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"आहे त्याच तोंडाने," बायको म्हणाली. "एरवी बरं चालतं ते."

"तूच सांग ना सहज, बोलता बोलता."

"मुळीच नाही. तुमचं तोंड तुम्हीच उघडा. आणि लवकर उघडा, नाहीतर मी जेवायला वाढताना तोंड उघडेन, आणि मग बघा."

मी आडून प्रयत्न केला. एकदा गाडीत म्हणालो, "ताई, अगं एखादी चूक कोणाच्याही हातून होते. त्यात काय एवढं मनाला लावून घ्यायचं?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आईची पहिली चूकही एकच होती."

आणि कामात तिने जे केलं ते तर बघवेना. ती निवडायची थांबली. ताडपत्रीवर बादली ओतली की सगळं एकत्र, पाला, काड्या, गाळ, जसंच्या तसं पोत्यात. "सगळं केंद्रावर टाकून ये," मला सांगायची. "माती द्यायची नाही आता कोणाला. परत कोणाचं वाटोळं नको." केंद्रावरच्या फाटकावरचा रखवालदार तिला वर्षानुवर्षं ओळखतो. माझी पोती बघून म्हणाला, "हे काय, ताई आजारी आहेत का?" एवढी मोठी पोती त्याने आमच्याकडून कधी घेतलीच नव्हती. मी म्हटलं, "नाही, बरी आहे." आणि पोती एकेक करून टाकली. एकोणीस वर्षं मी या निवडानिवडीवर वैतागत आलो, लवकर आटप म्हणून तिच्या मागे लागत आलो. आता काम अर्ध्या वेळात होत होतं आणि मला घास जात नव्हता.

त्यानंतरच्या एका सकाळी आम्ही एका शिंप्याच्या घरी गेलो. बुटकं घर, एकाच बाजूला पन्हळ, तासाभराचं काम. शिंपी आत मशीनवर बसलेला, खटखट ऐकू येत होतं. मी शिडी लावली. ताईने ताडपत्री अंथरली, कडांवर विटा ठेवल्या, विटा मोजल्या. मग मला म्हणाली, "बाळ्या, पुढच्या वर्षी माझ्या जागी कोणीतरी बघून ठेव."

"का?" म्हटलं. माहीत असून विचारलं, बघा माझी कमाल.

"आत्ताच बघितलंस तर मला शिकवता येईल. सगळं ठाऊक आहे तोवर." मग एक वीट सरळ करत, "आणि गुरुवारी मी डॉक्टरांकडे जाणार आहे. तू येशील बरोबर? ते काय सांगतील ते नीट ऐकून ठेव. मी एकटी गेले तर माझ्या लक्षात राहील की नाही, काय सांगावं."

ताईने मला आयुष्यात कधी सोबत मागितली नव्हती. आईच्या चार वर्षांतही नाही. मी मान हलवली आणि शिडी चढलो, कारण खाली उभं राहून तिच्याकडे बघणं मला जमत नव्हतं. वर पन्हळ ठासून भरलेली. खुरपं घातलं, एक बादली भरली, खाली सोडली. तिने ती ताडपत्रीवर ओतली, आणि सवयीने तिची बोटं गाळात गेली, एक काडी बाजूला केली, मग आठवल्यासारखा हात मागे घेतला आणि सगळं तसंच पोत्यात लोटलं.

माझ्याच्याने राहवलं नाही.

"ताई," मी वरूनच म्हणालो, "गोण्या मी हलवल्या होत्या."

"कुठल्या?"

"रांगेतल्या. मास्तरीणबाईंच्या वेळच्या. तू चष्म्याच्या दुकानात गेली होतीस, मला लांब शिडी हवी होती. सगळ्या ओढल्या आणि परत कशाही लावल्या. दंतवैद्यांची कोपऱ्यात राहिली नाही. तू उचललीस ती तुझ्या हिशोबाने बरोबर होती. तुझं काही चुकलेलं नाही. काहीच विसरली नाहीस तू. मी केलं ते."

आत मशीन खटखटत होतं. ताई वर बघत होती. नवीन चष्म्यावर ऊन पडलं होतं, त्यामुळे तिचे डोळे मला दिसेनात.

"खाली ये," ती म्हणाली.

मी उतरलो. सांगतो, त्या दहा पायऱ्या मी एवढ्या सावकाश कधी उतरलो नव्हतो. माझी खात्री होती की थोबाडीत बसणार, आणि बसलीच असती तर मला बरं वाटलं असतं. ती समोर उभी राहिली. हात दोन्ही गाळाने काळे, अंगापासून लांब धरलेले.

"खरं सांगतोयस? की मला बरं वाटावं म्हणून?"

"आईशपथ खरं. सहा गोण्या होत्या. बेकरीवाल्याची, परिचारिकेची, त्या दोन भावांची, डोंगराकडच्या आजोबांची, मास्तरीणबाईंची आणि दंतवैद्यांची."

ती ओठातल्या ओठात माझ्यामागून म्हणत गेली. बरोबर याच क्रमाने. मग तिने मोठा श्वास घेतला, इतका मोठा की तिचे खांदे वर गेले आणि खाली आले, आणि ती पालथ्या बादलीवर बसली. चष्मा काढायला हात वर नेला, हात घाणेरडे आहेत हे बघून परत खाली घेतला. डोळ्यांतून पाणी चष्म्याच्या खालून तसंच गालावर आलं. हसत होती की रडत होती, सांगता येणार नाही. मला वाटलं, सुटलो. माझाही जीव भांड्यात पडला.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

इथे खोटं बोलता आलं असतं. कालच आठवलं, असं म्हणता आलं असतं, आणि खरं सांगतो, ते वाक्य जिभेवर आलंही होतं.

"त्याच दिवशी," मी म्हणालो. "बाईंच्या वाफ्यापाशी. तू डागावर बोट फिरवलंस तेव्हाच."

ती बोटांवर मोजू लागली. काळी बोटं, एकेक पेर अंगठ्याने दाबत. सावकाश मोजलं, चुकू नये म्हणून. सवय लागली होती ना आता.

"सतरा दिवस," ती म्हणाली.

"मार मला ताई. शिव्या दे. काय वाटेल ते कर."

तिने मारलं नाही. आवाजही चढवला नाही. गिऱ्हाइकाला कामाची माहिती द्यावी तशी बोलली.

"सतरा दिवस मी सकाळी डोळे उघडले की अंथरुणातच आपल्या पाची भावंडांची नावं म्हणून बघते. उठायच्या आधी. खरं तर थोरल्यापासून म्हणायला हवीत. पण मी तुझं पहिलं म्हणते. म्हटलं, पुढे कधी एखादं सुटायला लागलं, तर ते तुझं नको."

मी तिथेच, शिंप्याच्या अंगणात, गाळाच्या ताडपत्रीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. मशीन थांबलं, शिंपी दारात येऊन बघून गेला. ताईने माझी समजूत घातली नाही, आणि तिचं बरोबरच होतं. थोड्या वेळाने ती उठली, पोतं उलटं करून आतला सगळा गाळ परत ताडपत्रीवर ओतला आणि निवडायला बसली.